देवघरातला मेनस्विच

आमचे अण्णा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, त्यामुळे घरात विजेला हात लावायचा अधिकार फक्त त्यांचा. मेनस्विच आणि फ्यूजचा लाकडी बोर्ड पुढच्या दारावर इतका उंच होता, की अण्णाही स्टुलावर चढत. ते दुसऱ्या पाळीला असताना फ्यूज उडाला, की ते येईपर्यंत आई आम्हां मुलांना घेऊन कंदिलापाशी बसायची. त्या बसण्याची तिला मनस्वी चीड होती.

साठ सालानंतर कधीतरी घर दुरुस्तीला काढलं. आई म्हणाली, "बोर्ड आतल्या बोळात घ्या, माझा हात पोचेल असा. आणि फ्यूज बांधायला शिकवा मला."

"वीज म्हणजे काय फोडणी आहे?" अण्णा म्हणाले. त्यांनी नकाशा काढून घरातली सर्वांत कोरडी भिंत शोधली. ती देवघराची निघाली. चिकपेटेच्या बाजारातून नवा बोर्ड आला आणि वायरमननं तो देवांच्या डोक्यावर ठोकला. आई कानडीत "सरी", म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाली. तिच्या 'सरी'ला आम्ही टरकून असायचो. अण्णांना मात्र ती संमती वाटली.

पहिल्याच आठवड्यात फ्यूज उडाला. अण्णा कामावरून आले ते पक्कड घेऊन थेट देवघराकडे. आई उंबऱ्यात उभी.

"अहो, बाहेरून आलात. आंघोळ करा, सोवळं नेसा, मग देवांपाशी जा."

"अगं, स्वल्प काम आहे!"

"देवांना काय ठाऊक, स्वल्प की मोठं?"

डिसेंबरची थंडी, बंब विझलेला. इंजिनिअरसाहेब गार पाण्यानं न्हाले आणि सोवळं नेसून, उघड्या अंगानं कुडकुडत तार बांधू लागले. हसू दाबताना माझ्या हातातला कंदील हलायचा आणि बोलणी मी खायची. संक्रांतीपर्यंत हे बरेचदा झालं. दर वेळी आई उंबऱ्यातून टक लावून बघायची. ती सोवळ्यावर नजर ठेवते, असं आम्हांला वाटायचं.

शेवटी बोर्ड बोळात आला, आईच्या खांद्याच्या उंचीवर. हा निर्णय अण्णांनी 'तांत्रिक कारणास्तव' घेतला होता. शिकवण्याचा विषय त्यांनी काढला नाही. आईचं सोवळंही त्याच दिवशी संपलं. बाजारातून आली की ती तशीच देवांपुढे फुलं ठेवायची.

पुढे अण्णा दुसऱ्या पाळीला असताना फ्यूज उडाला. ते परतले तेव्हा घरभर उजेड होता. मी उत्साहानं सांगून टाकलं, की मध्ये सगळे दिवे गेले होते. आईचा मला फार अभिमान वाटत होता.

"मग फ्यूज कोणी बांधला?" अण्णांनी विचारलं.

"देवानं," आई म्हणाली आणि त्यांचं पान वाढायला गेली.