सुनेत्राकाकूंचं वेल्डिंग

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या सुनेत्राकाकू २००५ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंग शिकायला लागल्या. टॅक्स भरताना त्यांची मुलगी प्रीता म्हणाली, "आई, तुझ्या फीवर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट मिळतं. फीच्या वीस टक्के टॅक्स कमी होतो. डिग्री करायलाच हवी असं नाही."

"आणि माझा डबा?"

"डबा धरत नाहीत. पेट्रोलही नाही."

काकू जरा हिरमुसल्या, पण वाचलेल्या पैशांतून त्यांनी मंडळाच्या गणपतीसाठी लोखंडी मखर केलं. हॉलमध्येच जोडलं, दार मोजायचं राहिलं. विसर्जनाला गणपती निघाला, मखर काही निघेना. सहा काका घामाघूम झाले.

काकूंनी शांतपणे पुढच्या सेमिस्टरला मेटल कटिंग घेतलं. त्याच्या फीवरही क्रेडिट मिळालं.