धोंडेजेवण आणि मागची टाकी

अधिक महिन्यात जावई हा नारायणाचं रूप असतो, आणि नारायणाने संडासाच्या टाकीत हात घालू नये असं कोणत्याही पोथीत लिहिलेलं नाही. (मी नंतर एका गुरुजींना विचारून घेतलं.)

ही गोष्ट माझ्या पहिल्या धोंडेजेवणाची. मी नांदेडला कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि माझी सासरवाडी चाकूरची. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, सासूला मामी. मामांची चाकूरबाहेर शेती, गावाच्या कडेला नवं घर, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या शेतातला गडी मान वर करायचा. पण हा आवाज माझ्या वाट्याला कधी आलाच नाही. माझ्याशी ते अगदी हळू बोलत, आणि तेही मोजकंच. "या." "बसा." "घ्या." "का उठलाव? बसा की." लग्नाला दोन वर्षं होत आली तरी आमची प्रगती 'या, बसा'च्या पुढे सरकलेली नव्हती.

माझे थोरले साडू बालाजीराव मात्र भाग्यवान माणूस. धर्माबादला त्यांचा मिरचीचा व्यापार. ते मामांच्या सख्ख्या बहिणीचे चिरंजीव, म्हणजे आधी भाचे आणि मग जावई. त्यामुळे मामा त्यांना लहानपणापासून शिव्या घालत आले होते आणि लग्नानंतरही त्यात खंड पडला नव्हता. "आरं बाल्या, डोकं हाय का खोकं?" असं मामा ओरडले की बालाजीराव खो खो हसत आणि दोघं मिळून सुपारी कातरत बसत. मी शेजारच्या खुर्चीत, ताठ, हातात सरबत! मला फार हेवा वाटायचा. लोकांना सासरी मान हवा असतो, मला एक सणसणीत शिवी हवी होती.

बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "घरी देते की मी रोज. ती पुरंना का?"

आता थोडं टाकीबद्दल. मामांचं घर उताराच्या तळाला. तिथली माती काळी, चिकट, पाणी पिणार नाही. शिवाय अंगणात बोर. त्यामुळे संडास-न्हाणीचं पाणी घराजवळ मुरवायची सोय नव्हती. मग लातूरच्या एका ठेकेदाराने त्यांना मागच्या बाजूला दोन टाक्या बांधून दिल्या होत्या. पहिल्या टाकीत गाळ खाली बसायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या टाकीत जायचं. दुसरीत एक मोटर आणि एक तरंगणारा फ्लोट. पाणी चढलं की फ्लोट वर यायचा, मोटर चालू व्हायची आणि ठरावीक पाणी वर माळाच्या मुरमात पुरलेल्या भोकांच्या पाइपात ढकलून आपोआप बंद पडायची. पाणी फारच चढलं तर ओसरीवरची घंटी वाजायची. ती सेलवर चालायची, लाइट असो नसो.

मामांना या व्यवस्थेचा विलक्षण अभिमान होता. आलेल्या पाहुण्याला लोक देवघर दाखवतात, मामा टाकी दाखवायचे. "येकदम पाणी सोडलं की जमीन आंबती," ते सांगायचे. "जनावराला कसं, थोडाथोडा खुराक द्यावा. मंग पचतंय." (हे सगळं ते बालाजीरावांना सांगत. मी बाजूला उभा राहून ऐकत असे.)

धोंड्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं. मला नवीन सफारी शिवलेला, खांद्यावर उपरणं, कपाळावर एवढं मोठं गंध. तेहतीस धोंड्यांचं पुरण वाटायचं होतं, म्हणून मामींनी सकाळी मिक्सर मागच्या ओसरीवर आणला, कारण धड चालणारा प्लग तिथे एकच. त्यात मोटरची वायर होती. मामींनी ती काढली आणि मिक्सर लावला. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. पुरणापुढे कोण कशाला सांगेल!

सकाळभर पाहुणे अंघोळी करत राहिले, आणि दुपारी मामांनी मला पाटावर बसवून माझे पाय धुतले. मामींनी निरांजनाचं ताट उचललं. ज्योत माझ्या चेहऱ्यासमोर आली आणि नेमकी त्याच क्षणी ओसरीवरची घंटी वाजायला लागली. ट्रर्रर्रर्र!

शेजारच्या काकूंनी हात जोडले. "बघा! देवालाबी पटलं!"

"लई शुभ," मामी म्हणाल्या आणि आणखी दोन वेळा ओवाळलं.

मामांचा चेहरा मात्र पडला. त्यांना माहीत होतं, ही घंटी देवाची नाही. दुसरी टाकी तुडुंब भरली होती आणि अजून पंगती बसायच्या होत्या. पाणी उलटं फिरलं असतं तर ते थेट न्हाणीतून घरात आलं असतं, भरल्या पंगतीत. चाकूरभर बोभाटा झाला असता. ते उठायला लागले आणि त्याच वेळी मला माझ्या आयुष्यातली सुवर्णसंधी दिसली.

"मामा, तुम्ही बसा. मी बघतो," मी म्हणालो.

एकच हलकल्लोळ झाला. "छ्या छ्या! आजच्या दिवशी जावयानं?" "आवं, पाप लागंल आमाला!" पण त्यातली मेख मला ठाऊक होती. धोंड्याच्या दिवशी जावयाला नाही म्हणता येत नाही. त्याला जे हवं ते द्यायचं असतं. कुणी घड्याळ मागतं, कुणी गाडी. मी पाना मागितला.

आम्ही मागे गेलो. पुढे मी, मागे बालाजीराव पान्यासकट, आणि त्यांच्यामागे मामा, हातात माझ्यासाठी पांढराशुभ्र टॉवेल. मी झाकण काढलं. वास आला. बालाजीराव केळीच्या झाडांआड गेले आणि तिथूनच मार्गदर्शन करू लागले.

फ्लोट अगदी वर आलेला होता. म्हणजे त्याचं काम त्याने चोख केलं होतं. शाळेतल्या पोरालाही यावरून कळलं असतं की खोट विजेत आहे. पण मी शाळेतला नव्हतो, कॉलेजातला होतो.

मामा दबकत म्हणाले, "पाव्हणं, येकदा प्लग बघून घ्यावा का?"

"मामा, दोष विजेचा नाही. दाबाचा आहे. वर चढणाऱ्या पाइपात हवा अडकलीय."

"तुमी म्हणाल तसं," मामा म्हणाले आणि टॉवेलाची घडी नीट केली.

"पाइप खोलावा लागेल."

"खोलावाच लागंल का?" मामांनी विचारलं.

"हो."

"तुमी म्हणाल तसं."

(आज मला वाटतं, त्या माणसाने त्या पाच मिनिटांत जेवढा संयम दाखवला, तेवढा मी वर्गात वर्षभर दाखवत नाही.)

पाइपाचे दोन तुकडे जिथे जोडलेले असतात, त्या आट्याच्या जोडाला युनियन म्हणतात. मी पालथा पडून, सफारीच्या बाह्या सावरत, युनियन फिरवायला लागलो. उपरणं टाकीत गेलं. मी तिकडे दुर्लक्ष केलं. दोनतीन झटके दिल्यावर जोड सुटला. पाइपाचं मोकळं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. मी आत डोकावलो आणि म्हणालो, "बघा, आता हवा मोकळी होईल."

त्याच वेळी, ओवाळून परत मिक्सरपाशी गेलेल्या मामींचं उरलेलं पुरण वाटून झालं. मामी शिस्तीच्या. जिथली वस्तू तिथे ठेवायची त्यांना सवय. त्यांनी मिक्सरचा प्लग काढला आणि मोटरचा प्लग होता तिथे परत लावला.

फ्लोट वर होताच. मोटर तात्काळ चालू झाली!

पुढचं सविस्तर सांगत नाही, जेवणाची वेळ असेल. एवढंच सांगतो की माळापर्यंत चढायच्या जोराने निघालेलं पाणी आधी माझ्यावर आलं. मी घाबरून पाइप धरला आणि वळवला. त्यामुळे ते मामांवर गेलं. त्यांच्या नव्या फेट्यावर, धोतरावर आणि त्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलावर. मी आणखी घाबरलो आणि पाइप केळीकडे वळवला. तिथे बालाजीराव होते.

आणि मग तो आवाज आला. तिसऱ्या शेतापर्यंत जाणारा!

"आरं ये गाढवा! सोड! सोड म्हन्तो ना त्यो पाइप! कवाधरनं सांगून राहिलो प्लग बघा, प्लग बघा! ऐकायलास का? कॉलेजात पोरं शिकवतूस का म्हशी राखतूस? आगं ये, मोटर बंद कर आधी!"

मामींनी ओसरीवरून डोकावून, पुरणाचा हात तोंडावर ठेवून, प्लग काढला. कारंजं बसलं.

"मामा," केळीतून बालाजीरावांचा चिरका आवाज आला, "आवं, जावई हाय त्ये! धोंड्याचा जावई!"

"जावई गेला चुलीत! आधी त्याला त्या भोकापासून हलीव. ह्यो आता आतबी पडंल!"

मी तिथे उभा होतो, कानातून पाणी ठिबकत होतं, वासाची तर बातच सोडा, आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता सोय नाही. दोन वर्षं वाट पाहिली होती या वाक्यांची. ती सगळी एका दमात मिळाली.

आम्हा तिघांना अंगणात उभं करून अंगावर बोरच्या पाण्याच्या बादल्या ओतण्यात आल्या. लिंबाचा पाला, साबण, परत बादल्या. माझा सफारी संपला होता. मला मामांचंच एक जुनं धोतर दिलं, ते मला नीट नेसता येईना, म्हणून बालाजीरावांनी कमरेला सुतळी बांधून दिली. नारायणाचं ते रूप कुठल्याही देवळात बघायला मिळणार नाही.

"ये हिकडं," मामा म्हणाले. "त्यो पाना घे. तू खोललास, तूच लाव."

मी लावला. ते उकिडवे बसून प्रत्येक वेढ्याला शिव्या देत होते. "उलटा फिरवू नगंस! आटे मरतेत. आतली रबराची चकती कुठं हाय? त्यावर बसलास व्हय? काढ! हां, असं. आता घट कर. लई न्हाई, फुटंल!" मग त्यांनी मामींना हाक दिली. प्लग लागला, मोटर घुमली, पाणी हळूहळू उतरत गेलं, फ्लोट खाली कलंडला आणि मोटर आपली आपण बंद पडली. वर माळावर कुठेतरी मुरमात पाणी झिरपत असणार. मामा थोडा वेळ कान देऊन बसले.

"झाला खुराक," ते समाधानाने म्हणाले. आणि मग एकदम त्यांना आठवलं, समोर कोण बसलंय ते. चेहरा कसनुसा झाला. आवाज पुन्हा खाली आला. "पाव्हणं... तोंडातून भलतंच गेलं. तुमी मनावर..."

म्हणजे परत 'या, बसा'?

"मामा," मी म्हणालो, "तसंच राहू द्या. बरं वाटतंय मला."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. माणूस वासाने भ्रमिष्ट झालाय की काय, हे तपासत असावेत.

"मंग उचल की झाकण," ते म्हणाले. "बघत काय बसलास?"

पंगत अडीच तास उशिरा बसली. धोंडे गार झाले होते. मी सगळ्यांपासून लांब, ओसरीच्या टोकाला, वारा पंगतीकडे वाहणार नाही अशा बाजूला बसून जेवलो. मामा माझ्या शेजारी बसले. त्यांनाही तिथेच बसवलं होतं.

त्यानंतर दर सुट्टीत मी चाकूरला गेलो की आमचा कार्यक्रम ठरलेला. चहा झाला की मामा म्हणायचे, "चल, टाकी बघू." मी दोन टाक्यांमधली गाळायची जाळी काढून धुवायचो, ते बांबूने पहिल्या टाकीतला गाळ किती चढला ते बघायचे. संडासात कुणी फिनेल ओतलेलं त्यांना खपायचं नाही. "आतले किडे मरतेत, मंग तुझं फिजिक्स येनार हाय का गाळ खायला?" गाळ फार झाला की उपसायची गाडी यायची, आणि आम्ही दोघं घरचं कार्य असल्यासारखे पाइपाच्या दोन बाजूंना उभे राहायचो. त्या झाकणापाशी बसून आम्ही पावसाबद्दल बोललो, सोयाबीनबद्दल बोललो, माझ्या मुलीच्या शाळेबद्दल बोललो. एवढं मी माझ्या वडलांशीही कधी बोललो नव्हतो. आता मामा नाहीत. टाकी आहे, मोटर बदललीय, आणि जाळी धुताना शिव्या द्यायला कुणी नाही म्हणून ती हल्ली नीट निघतच नाही.

शेवटी ते लातूरला दवाखान्यात होते. मी उशाशी बसलेला. सलाइन बदलायला आलेल्या नर्सने विचारलं, "आजोबा, हे जावई का तुमचे?"

मामांनी डोळे किलकिले केले. आवाज अगदी बारीक झाला होता, तिसरं शेत राहू द्या, पलंगाच्या पायथ्यापर्यंतही पोचत नव्हता.

"जावई न्हाई, पोरगं हाय," ते म्हणाले. "शानं न्हाई. पण आपलं हाय."

मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिलो. यातलं 'शानं न्हाई' मला आजवर पुष्कळांनी ऐकवलंय, बायको तर अजून रोज ऐकवते. पण 'आपलं हाय' ऐकायला मला आधी सासऱ्याच्या फेट्यावर संडासाची टाकी सोडावी लागली, आणि खरं सांगू, तीही नेम धरून नव्हे, चुकून!