कावळ्यासाठी ठेवलेला पाव

बुलढाण्यातल्या आमच्या शेजारच्या काकांची पाठपिशवी एवढी अजस्र, की कंडक्टर तिचं अर्धं तिकीट मागतो. काकूंच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काका पिंडाला हात जोडून काकूंना म्हणाले, "तुही हौस राह्यली ना? तुले युरोप दाखवतो, मंग त झालं?" तरी शेवटी दर्भाचाच कावळा करावा लागला.

व्हिसा हाती पडताच काका कोणाला न सांगता निघाले. प्रागच्या पुलावर बटाट्याचे गोळे, क्राकोवच्या तटावर तिळाचा पाव ठेवून वाट पाहायचे. सगळं कबुतरांनी खाल्लं.

परत आल्यापासून तसाच पाव रोज त्यांच्या गच्चीच्या कठड्यावर असतो. काल मी म्हणालो, "काका, शिवला कावळा. मी पाह्यला."

माझ्या थापांना खो खो हसणारे काका हसले नाहीत.

"माही शपथ घेतं का बे?"

मी खाली पाहिलं. काकांनी शिळा पाव उचलून ताजा ठेवला.