आईचा अध्याय आणि माझं वाक्य

ऐरोलीच्या ज्या क्लासमध्ये मी जपानी शिकत होते, तिथे सरांना सेन्सेई म्हणायचा नियम होता. दुसरा नियम असा की प्रत्येक नवी कांजी, म्हणजे जपानीतलं चित्रासारखं अक्षर, नुसतं गिरवायचं नाही. त्या अक्षराचं स्वतःचं एक वाक्य करायचं, मोबाईलमधल्या कार्डावर लिहायचं, कार्डाच्या मागे मराठी अर्थ द्यायचा आणि ते वर्गाच्या सामाईक गठ्ठ्यात टाकायचं. मग सगळ्यांनी सगळ्यांची वाक्यं वाचायची.

पद्धत चांगली आहे, हे मी आजही म्हणेन. सुटं अक्षर माझ्या डोक्यात दोन दिवस टिकत नाही, वाक्यात बसलं की टिकतं. फक्त पुस्तकातली वाक्यं मला चिकटायची नाहीत. पुस्तकातले वडील कंपनीत जातात, आई केक करते, मुलगी रविवारी ग्रंथालयात जाते. वर्गातल्या बाकीच्यांची घरं साधारण तशीच होती, त्यामुळे ते पुस्तकातलं वाक्य उचलून 'केक'च्या जागी 'पोहे' घालायचे आणि मोकळे व्हायचे. मी दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली. आई बेलापूरच्या बाजारात मासळी विकते, बाबा होडीवर जातात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. सेन्सेई म्हणाले स्वतःचं वाक्य करा, तर मी खरोखर स्वतःचं करायचे. मला वाटायचं, तसंच करायचं असतं.

एकदा 'पाठ होणे, लक्षात राहणे' याची कांजी आली. तिच्यात खाली 'पाहणे'चं चिन्ह असतं, एक डोळा आणि त्याला दोन पाय. वर छप्पर आणि छपरावर तीन छोटे फटकारे. ती गिरवताना मला आई दिसली.

श्रावणात आमच्या देवळात संध्याकाळी पोथी लागते. बायकांचे अध्याय ठरलेले असतात, आणि सासूचा अध्याय सुनेकडे येतो. आईकडे आजीचा अध्याय आला. आईला वाचता येत नाही. लहानपणीच ती शाळेतून निघाली आणि टोपली घेऊन तिच्या आईबरोबर बाजारात बसली. पण आजीच्या शेजारी बसून बसून तिला तो अध्याय अख्खा पाठ झाला. ती पोथी मांडीवर घेते, ओळीवरून बोट फिरवते, वेळेवर पान उलटते. मी दुसरीत असताना तिला टेकून बसले होते. नवीन नवीन वाचायला लागले होते, म्हणून मी तिच्या बोटाखालचं वाचत होते, आणि आईच्या तोंडून दुसरीच ओळ येत होती. मी वर पाहिलं. आईनेही माझ्याकडे पाहिलं आणि म्हणणं चालू ठेवलं. त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. बाबांशीही नाही.

मराठीत हे मी कुणाला सांगितलं नसतं. जपानीत लिहिताना वाटलं, वर्गाबाहेर हे कोण वाचणार? मी कार्ड केलं. 'हाहा वा होन ओ योमिमासेन. ओबोएते इमास.' मागे अर्थ लिहिला: आई पुस्तक वाचत नाही. तिला ते पाठ आहे.

सेन्सेईंनी वर्ग सुटल्यावर मला थांबवलं. "हे वाक्य कुठून आलं?" मी त्यांना पोथीचं सगळं सांगितलं. एवढ्या शिकलेल्या माणसाने माझ्या वाक्याबद्दल विचारलं, याचाच मला आनंद झाला होता. ते म्हणाले, "सगळ्यांनी असं खरं लिहायला पाहिजे." मी घरी येईपर्यंत ते मनात घोळवत होते.

पुढच्या बॅचच्या जाहिरातीत माझा फोटो आला. क्लासच्या कार्यक्रमात काढलेला, मी हसते आहे असा. खाली माझं वाक्य जपानीत, त्याचा अर्थ मराठीत, आणि मोठ्या अक्षरांत: 'आई निरक्षर, पोथी वाचल्याचं नाटक करते. मुलगी फाडफाड जपानी बोलते. तुम्ही कधी येताय?' त्याखाली 'दिवाळ्याच्या कोळणीची लेक'. माझं नाव घातलं नव्हतं. ते घालायची गरजही नव्हती.

मी ते पाहायच्या आधी आईने ऐकलं. बाजारात तिच्याकडे नेहमी येणाऱ्या, सोसायटीत राहणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या मोबाईलवर ते पोस्टर आलं होतं. त्यांनी कौतुकाने आईला हाक मारली. "मावशी, ही तुमचीच मुलगी ना? किती छान लिहिलंय, ऐका." आणि त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. आजूबाजूला आमच्याच गावच्या बायका टोपल्या लावून बसलेल्या. एक जण म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सं आमाला फसवलंस गो?" ती गमतीनेच म्हणाली असेल. सगळ्या हसल्या. त्या बाईही हसल्या आणि पापलेट घेऊन गेल्या.

हे मला शेजारच्या मामीने सांगितलं. आई घरी आली, पाय धुतले, भात टाकला. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "नाटक म्हंजे काय गो? मी नाटक करते?"

'निरक्षर' हा शब्द मी लिहिला नव्हता. 'नाटक' तर नव्हताच. माझ्या कार्डावरची दोन वाक्यं मिळून एक गोष्ट होती आणि त्यात वजन दुसऱ्या वाक्यावर होतं. त्या माणसाला जपानी माझ्यापेक्षा किती तरी जास्त येतं. त्याला ते कळलं नसेल असं मी मानत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऐरोलीला गेले. जाताना सगळं मनात जुळवलं होतं. तिथे गेल्यावर मी बूट काढले, कारण तोही नियम होता, आणि मोज्यांवर उभी राहून म्हणाले, "सर, ते पोस्टर काढा."

"सेन्सेई," त्यांनी हसत दुरुस्त केलं.

"सेन्सेई, ते काढा."

"अगं, किती लोकांनी फोन केले माहितेय का? प्रेरणा मिळते लोकांना. तुझा अभिमानच वाटेल असं लिहिलंय."

"माझ्या आईला विचारलं नाही तुम्ही."

"तिला वाचता येत नाही, असं तूच म्हणालीस ना?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तो मुद्दा वाटत होता. "मग तिला कुठून कळणार होतं?"

मला खूप काही बोलायचं होतं. मी म्हणाले, "सॉरी सेन्सेई, पण काढा." सॉरी. अजूनही तो शब्द आठवला की माझे कान तापतात. संध्याकाळी त्यांनी पोस्टर काढलं आणि वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, की काही विद्यार्थ्यांना आपल्या पार्श्वभूमीची लाज वाटते, तशी वाटू देऊ नका. खाली कुणीकुणी नमस्काराचे हात टाकले. मी ग्रुप सोडला आणि क्लासही सोडला. जपानीची परीक्षा तोंडावर होती.

श्रावण लागला. आईने निरोप पाठवला की घसा बसलाय, माझा अध्याय यंदा दुसरीने वाचावा. तिचा घसा ठणठणीत होता. बाजारात ती दुपारपर्यंत गिऱ्हाइकांशी भाव करत होती.

देवळातल्या बायकांत मोठ्या काकींचा शब्द चालतो. त्या स्वतः घरी आल्या. वाईट मनाने नव्हे. "तुझा अध्याय तूच सांग," त्या म्हणाल्या. "पोथी नको घेऊ मांडीवर. तोंडानंच सांग. आता समद्यांना माहीत हाय, मग कशाला उगीच पानं पलटायची?"

आई म्हणाली, "सासूनं मना पोथी दिली मांडीवर. नुसतं तोंड नाय दिलं."

काकी चहा पिऊन गेल्या. मला वाटलं होतं, पोथी पाठ येते एवढंच आईला महत्त्वाचं असेल. तसं नव्हतं. तिला ती मांडीवर हवी होती, इतर बायकांसारखी, लाल फडक्यात बांधलेली, हळद लागलेल्या कडांची. ते तिच्याकडून गेलं होतं, आणि आता ते दया म्हणून परत मिळत होतं, तेही अर्धंच. त्या संध्याकाळी अध्याय दुसऱ्या घरच्या सुनेने वाचला. भोंग्यावरून आवाज घरात येत होता. आई कोळंबी सोलत होती. मधे एकदाही तिचे ओठ हलले नाहीत. मी मुद्दाम पाहत होते.

मी तेव्हा एक मूर्खपणा केला. म्हणाले, "आई, मी शिकवते तुला. दोन महिन्यांत वाचशील."

तिने सोललेली कोळंबी पातेल्यात टाकली. "का? मंग त्याचा पन फोटू लावायला?"

एवढा राग मी तिचा कधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्यावर होता. मला वाटलं सांगावं की राग माझ्यावर नको, त्या सेन्सेईवर कर. पण तो माणूस तिच्यासमोर कधी आलाच नाही. तो येणारही नाही. पुढच्या बॅचमध्ये तो अजून म्हणत असेल, खरं लिहा, स्वतःचं लिहा.

मी एकटीने अभ्यास करून परीक्षा दिली. पास झाले, पण काठावर. वाक्यं अजून करते, कारण त्याशिवाय कांजी डोक्यात बसत नाही. फक्त आता घरच्या माणसांवरचं वाक्य असेल तर आधी मराठीत करते आणि आईला विचारते, हे लिहू का. बहुतेक वेळा ती नको म्हणते. परवा विचारलं, 'आई चिडली की भांडी जोरात ठेवते,' हे चालेल? ती म्हणाली, "खोटं हाय," आणि झाकण आपटलं. मी ते लिहिलं नाही. त्या अक्षरासाठी मग बाबांच्या होडीचं वाक्य केलं. बाबांना कशाचंच काही वाटत नाही.

हे सगळं लिहायच्या आधीही मी तिला विचारलं. काय काय येणार ते पोथीसकट, 'नाटक'सकट सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लिव. माझं नाव नको घालू. पन त्या मास्तराचं घाल, पुऱ्या आडनावासकट."

मी ते घातलेलं नाही. मला भीती वाटली. त्यावरून ती माझ्यावर चिडलेली आहे, आणि तिचं बरोबर आहे.