व्हर्लिनचा फाळका

व्हर्लिन ओस्टरमानच्या पिकअपचा मागचा फाळका मी लावला. तोही चांगुलपणाने. उघडा दिसला, जाता जाता एका हाताने उचलला, धाडकन बंद केला, आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो या समाधानात चार पावलं पुढेही गेलो.

गुरुवार होता, म्हणजे जनावरांच्या लिलावाचा दिवस. व्हर्लिनने आणलेली वासरं उतरवून दिली होती, ट्रेलर धुवायच्या फरशीवर लावला होता, आणि आता ट्रेलर तिथेच सोडून तो पिकअप तेवढी पुढे काढणार होता. आमच्याकडच्या या ट्रेलरला लांब मान असते. ती पिकअपच्या हौद्यात मधोमध बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकते. पिकअप पुढे काढताना ती मान मागच्या मागे मोकळी निघायला हवी, म्हणून आधी फाळका पाडून ठेवायचा. आमच्या केटलफोर्ड गावात पोरांना हे मुळाक्षरांच्या आधी येतं. व्हर्लिनने फाळका पाडला होता, साखळ्या सोडल्या होत्या, जॅक फिरवून मान गोळ्यावरून उचलली होती आणि वळसा घालून तो पुढे जाऊन बसला होता. तेवढ्यात कॉलेजात वर्षभर शेतीशास्त्र शिकून परत आलेला मी तिथून गेलो.

वासरांच्या ओरडण्यात त्याला फाळका लागल्याचं ऐकू गेलं नाही. तसाही त्याचा डावा कान डिझेल इंजिनाने केव्हाच खाल्ला होता. त्याने गिअर टाकला. पुढचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू गेला. आवारातल्या कॅफेतली माणसं हातात काटे-चमचे घेऊन बाहेर आली. फाळका बिजागऱ्यांसकट उपटून शेणात पडला होता.

"मी लावला!" मी ओरडलो. "चूक माझी आहे!"

कुणी लक्ष दिलं नाही. मी मूर्खपणा केला यात काही नवं नव्हतं. व्हर्लिन ओस्टरमानने स्वतःचा फाळका स्वतःच्या ट्रेलरने उपटला, ही गोष्ट मात्र वर्षभर पुरणार होती. मी आणखी दोघा-तिघांना धरून सांगायला लागलो, तेव्हा व्हर्लिननेच मला गप्प केलं.

"बस झालं रे. स्टिअरिंग माझ्या हातात होतं ना? मग मागे जे काय असेल ते माझं."

गाव एवढं खूश का झालं हे कळायला व्हर्लिन कळायला हवा. सत्तरी उलटलेला, वाळक्या खांबासारखा माणूस. बायको लॉरेटा सोडून गेली तेव्हा घर तिच्याकडे गेलं आणि पिकअप याच्याकडे राहिली. कोर्टात जज्जाने विचारलं, ही वाटणी मान्य आहे का, तर हा म्हणाला, "तिला सांगू नका, पण फसली ती." तेव्हापासून तो धान्याच्या कोठारामागच्या एका पत्र्याच्या खोलीत राहतो. खोलीत चालू सॉकेट एकच. हिवाळ्यात इंजिन गोठू नये म्हणून रात्री पिकअपला वायर लावावी लागते, तेव्हा ते सॉकेट पिकअपला जातं आणि हा तीन स्वेटर घालून झोपतो. जेवण पिकअपमध्ये, दाढी पिकअपच्या आरशात. सीटला त्याच्या ढुंगणाचा आकार आलाय, दुसरा कुणी बसला की डावीकडे कलतो.

आणि जीभ अशी की विचारू नका. कॅफेच्या खिडकीजवळची खुर्ची त्याची. बाहेर कुणी ट्रेलर मागे घ्यायला लागला की हा कॉफी खाली ठेवायचा. कुणाचा ट्रेलर कुंपणाला लागला, कुणाचा गोळ्यावरून निसटला, कुणी ब्रेकची वायर जोडायलाच विसरला, प्रत्येकाला त्याने एकेक नाव ठेवलं, आणि व्हर्लिनने ठेवलेलं नाव माणसाबरोबर थडग्यापर्यंत जातं. लोवेल स्विटाक तरुण असताना जत्रेच्या मैदानात ट्रेलर मागे घेत होता. होणारी बायको आणि सासरची माणसं बघत होती. चाक जरा जास्त वळलं आणि पिकअप-ट्रेलर एकमेकांवर दुमडले. व्हर्लिन कुंपणावर बसून त्या पोरीला म्हणाला, "नीट विचार कर गं, ही घडीची खाट आहे. जोर दिला की मिटते." लग्न झालं, पण लोवेल आजतागायत 'खाट' आहे. त्याची नातवंडंसुद्धा त्याला आजोबा खाट म्हणतात.

तोच लोवेल आता लिलावाच्या आवाराचा मुकादम आहे. कुणाची जनावरं कुणाच्या ट्रेलरने आणायची हे तो ठरवतो.

त्या दुपारी गायींचा लॉट संपला आणि रिंगणाचं दार उघडलं. लोवेलची दोन माणसं फाळका घेऊन आत आली आणि त्यांनी तो मधोमध उभा केला. रिंगणाची जमीन म्हणजेच वजनकाटा, त्यामुळे वरच्या पाटीवर लगेच आकडा लागला. लिलाववाला क्षणभर थांबला, मग त्याला चेव चढला.

"बघून घ्या मंडळी! एकाच मालकाच्या हातची. शिंगं नाहीत, लाथ मारत नाही. मागच्या पायांत जरा अधू आहे, पण स्वभावाने शांत!"

लोक बाकड्यांवर आडवे झाले. व्हर्लिन वरच्या रांगेत नेहमीच्या जागी बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. आयुष्यभर त्याने लोकांची अशीच थट्टा केलेली, त्यामुळे उठून जायचीही सोय नव्हती. दहा डॉलर, पंधरा, वीस. हे लवकर संपावं म्हणून मी एकदम चाळीस म्हणत हात वर केला. ही माझी त्या दिवसातली दुसरी मदत.

"चाळीस! कॉलेजकुमाराला!"

माझ्या खिशात सहा होते. लोवेलने खाली वाकून कारकुनाला चाळीस मोजून दिले आणि मला म्हणाला, "घाई नाही. पैसे आण, फाळका ने. तोवर राहू दे माझ्याकडे." त्याने तो जातीने ठोकून सरळ केला, तेवढा जीव लावला, आणि कॅफेच्या भिंतीवर टांगला. पुढच्या गुरुवारी वाढणाऱ्या बाईने त्यावर खडूने लिहिलं: आज चिली आणि दालचिनीचा रोल. चिली म्हणजे आमच्याकडचं खिमा-राजम्याचं तिखट कालवण.

व्हर्लिन खिडकीची खुर्ची सोडून दाराजवळच्या टेबलावर बसायला लागला. त्याच्या खुर्चीत लोवेल बसला.

इथवर थट्टा होती. पण सप्टेंबर संपत आला, आणि हॅवरकँपबाईंची वासरं निघायची वेळ झाली. बाईंचं रान नदीपलीकडे, साठ मैलांवर. वर्षानुवर्षं ती वासरं व्हर्लिनच आणायचा. ती मिळाली तर त्याचा हिवाळा निघतो, नाहीतर ट्रेलर विकावा लागतो. हे व्हर्लिनला माहीत होतं आणि लोवेललाही.

"देतो की," लोवेल कॉफी ढवळत म्हणाला. "मी कशाला नाही म्हणू? पण बाईंच्या जनावरांची जबाबदारी माझ्यावर आहे, व्हर्लिन. आपलं वय होतं, माणूस विसरतो. तू आपला या पोराला बरोबर घेऊन जा. तो गाडीभोवती फिरून बघेल, बोट वर करेल, मग तू निघ."

"याला?" व्हर्लिन माझ्याकडे बघत म्हणाला. "याने तर फाळका..."

"काय फाळका?"

व्हर्लिन थांबला. मागे जे असेल ते आपलं, असं भरचौकात बोलून बसला होता. "काही नाही," तो म्हणाला. "येऊ दे."

आमच्या रस्त्यांवर एक रीत आहे. समोरून येणाऱ्या गाडीच्या मागे काही बिघडलेलं दिसलं, टायर बसलाय, धूर येतोय, दार उघडं आहे, तर खिडकीतून हात काढून मागे बोट दाखवायचं. ज्याला दाखवलं तो थांबतोच. तीस वासरांचा जड ट्रेलर ओढताना मागचं काहीच कळत नाही. समोरच्याचे डोळे हेच तुमचे मागचे डोळे. या रीतीची थट्टा आजवर कुणी केली नव्हती.

पहिल्या खेपेला आम्ही बाईंच्या फाटकातून निघालो आणि मैलभरात समोरून खताचा ट्रक आला. ड्रायव्हरने हात काढून मागे बोट दाखवलं. व्हर्लिनने गाडी कडेला घेतली, उतरला, सगळ्या टायरना हात लावून बघितला, दारं बघितली, साखळ्या बघितल्या. काही नव्हतं. परत बसताना त्याचा हात सवयीने फाळक्याच्या जागी गेला आणि हवेत राहिला.

पाच मैलांवर दुधाचा टँकर. पुन्हा बोट.

"थट्टा करतायत," मी म्हणालो. "चला तुम्ही."

"आणि नसली थट्टा तर? तू उतरून सांगणार आहेस का वासरांना?"

तो थांबला. शाळेच्या बसने दाखवलं, तो थांबला. बसमधली पोरं मागच्या काचेला नाकं लावून हसत होती. पाद्र्याने दाखवलं. लोवेलच्या बायकोने दाखवलं. नदीच्या उतारावर तर एका पठ्ठ्याने गाडी हळू करून चेहरा असा काही गंभीर केला की मलाही खरं वाटलं. ऊन चांगलं तापलं होतं. गाडी चालू असली की वासरांना वारा लागतो; उभी राहिली की ती एकमेकांना ढकलतात, ओरडतात, हगतात. आणि प्रत्येक शेणाबरोबर बाईंचे पैसे फळ्यांमधून रस्त्यावर पडत होते, कारण वासरू विकलं जातं वजनावर.

सव्वा तासाचा रस्ता, आम्हाला दुपार झाली. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला त्याहून जास्त. तिसऱ्या खेपेला तो कुणी न दाखवताही थांबायला लागला.

गुरुवारी हॅवरकँपबाई काट्याजवळ उभ्या होत्या. रानातून निघतानाचं वजन त्यांच्या डोक्यात होतं, इथलं पाटीवर. पाचशे पौंडांच्या वासरामागे दरवर्षी पंधरा पौंड घटायचे. यंदा पस्तीस घटले होते.

"व्हर्लिन," बाई म्हणाल्या, "मी तुला वासरं दिली होती रे. तू तर नुसती कातडी आणलीस."

"लोकांनी बोटं दाखवली!" मी मध्ये पडलो. "सगळ्या रस्ताभर! यांना थांबावंच लागलं!"

"कुणी दाखवली?" लोवेलने विचारलं, आणि कुंपणावरच्या माणसांकडे वळून बघितलं. खतवाला होता, टँकरवाला होता. दोघं बुटांकडे बघत ओठ चावत होते. "मी काही म्हणत नाहीये, बाई. जुना माणूस आहे, सांभाळून चालवतो. पण पाटीवर लागलंय ते लागलंय."

बाईंनी व्हर्लिनकडे बघितलं. त्याच्यावर त्यांचा राग नव्हता, हे जास्त वाईट होतं. "पुढच्या वर्षीचं बघू," त्या म्हणाल्या. पण त्या वर्षीच्याच अजून तीन खेपा बाकी होत्या, आणि त्या खतवाल्याच्या भावाला मिळाल्या.

माझी अपेक्षा होती की व्हर्लिन आता तरी सगळ्यांचा उद्धार करेल, शिव्या तर त्याच्याजवळ भरपूर. तो एवढंच म्हणाला, "चांगली जमवलीस, खाट." लोवेलने टोपीला हात लावला. एखाद्याने आपलं काम ओळखलं की माणसाला बरं वाटतं, तसं त्याला वाटलेलं दिसलं.

ट्रेलर नोव्हेंबरात गेला. शेजारच्या तालुक्यातला एक पोरगा घ्यायला आला. नवी चकचकीत पिकअप, हातमोजे घातलेले. मान बसवायला तो मागे यायला लागला, तर फाळका लावलेलाच. व्हर्लिनने हात वर करून त्याला थांबवलं, जाऊन त्याचा फाळका पाडला, मग बोटांच्या खुणांनी त्याला इंच इंच मागे घेतलं आणि मान अलगद गोळ्यावर उतरवली. साखळ्या लावल्या. खिट्टी दोनदा ओढून बघितली.

"काही लक्षात ठेवायचं का, काका?" पोराने विचारलं.

"हो. कुणी मदतीला आलं तर हाकलून दे."

आता व्हर्लिन मेलेली जनावरं उचलतो. कुणाचं वासरू मेलं, कुणाची मेंढी मेली, की हौद्यात घालून तालुक्याच्या खड्ड्यावर नेऊन टाकतो. हे काम कुणाला नको असतं, त्यामुळे यात लोवेलची परवानगी लागत नाही. मी एकदा विचारलं, कसं चाललंय. म्हणाला, "झकास. मेलेल्याचं वजन घटत नाही, आणि कुणी काट्याजवळ वाट बघत नसतं."

गेल्या महिन्यात नदीच्या चढावर मी त्याच्या मागे होतो. हौद्यात एक वासरू होतं, ताडपत्रीखाली. फाळका नसल्याने तिथे त्याने कुंपणाची जाळी तारेने बांधलेली. तार सुटली होती, वासरू इंचाइंचाने मागे सरकत होतं. मी गाडी बाजूने काढली, बरोबरीला आलो, खिडकीतून हात काढला आणि मागे बोट दाखवलं.

व्हर्लिनने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, रस्त्यात भेटणाऱ्या कुणालाही रामराम करावा तसं, आणि गाडी तशीच पुढे नेत राहिला. मी हॉर्न वाजवला, पुन्हा दाखवलं. त्याने पुन्हा बोट उचललं.

चढ संपायच्या आत वासरू रस्त्यावर पडलं. तेव्हा तो थांबला. आम्ही दोघांनी ते पायांना धरून उचललं, झोका देऊन हौद्यात टाकलं. तो धापा टाकत चाकाला टेकून उभा राहिला.

"खरंच दाखवत होतास होय?"

"हो."

"मग तोंड जरा तसं करायचं." त्याने जाळी परत तारेने बांधायला घेतली. तार गंजकी होती, बोटात रुतली. "मजा बघ. ट्रेलर होता तेव्हा फाळका म्हणजे नुसती कटकट, पाडा आणि लावा. आता खरा उपयोग होता. लोवेलचे ते चाळीस दिलेस का?"

"या गुरुवारी देतो."

"तू दे, मी बिजागऱ्या आणून ठेवल्यात."

बिजागऱ्या खरंच होत्या, त्याच्या सीटखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

चाळीस डॉलर माझ्याकडे हिवाळ्यापासून आहेत. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, वेगळे. मी लोवेलकडे गेलोही होतो. तो म्हणाला, "खुशाल ने. पण गुरुवारी, लिलाव चालू असताना. जसा आला तसा जाईल, रिंगणातून. डोक्यावर घेऊन जा तू, लिलाववाल्याला मी सांगून ठेवतो."

गुरुवार दर आठवड्याला येतो. परवाही आला. मी फाळक्याच्या बरोबर खालच्या टेबलावर बसलो होतो, वर चिली लिहिलेली होती, म्हणून चिलीच मागवली. रोल गरम होता. चाळीस अजून कप्प्यातच आहेत.