पाठीमागचा दर्या

दुसरा स्वाध्याय परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत एवढंच होतं : हे सगळे पुस्तकात आहे. तुम्ही स्वतः काय पाहिले?

मी तेव्हा कतारला, दोह्यात पाइप फिटर होतो, इंडस्ट्रियल एरियात कंपनीच्या खोलीत राहायचो आणि गावाकडच्या विद्यापीठाचं बी.ए. पत्रद्वारा करत होतो. घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला, त्यामुळे विषय कोणता घ्यावा हे विचारायला कुणी नव्हतं. यादीत 'जगातील धर्म' असं दिसलं आणि ते नाव मला आवडलं. प्रश्न होता, आपल्याहून वेगळ्या धर्मातल्या प्रार्थनेचा. महिन्याभरात स्वाध्याय पुन्हा लिहून पाठवला नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. दोन वर्षांतून एकदा मिळणारी सुट्टी मी त्या परीक्षेसाठीच मागून ठेवली होती.

पाहायला लांब जायची गरज नव्हती. कंपनीच्या पिकअपचे ड्रायव्हर रत्नागिरीकडचे होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. आठवड्यातून दोनदा ते मला अल रुवैसच्या बंदरावर न्यायचे. तिथे मासळीसाठी बर्फाचा कारखाना उभा राहत होता. रस्ता लांब आणि सरळ. दोन्हीकडे फिकट जमीन, वर तसंच फिकट आकाश. मध्येच माझा डोळा लागायचा आणि सायक्लोस्टाइल नोट्समधले बुद्ध, येशू, अग्यारीतला अग्नी, सगळे एकाच उन्हात पुसट उभे दिसायचे. जाग यायची तेव्हा चाचांचा हात गिअरवर असायचा आणि रस्ता संपलेला नसायचा.

ऊन उतरलं की चाचा बंदरावर चटई टाकून नमाज पढायचे. मी होड्यांकडे बघत बसायचो. त्यांच्याकडे बघणं बरं वाटत नसे. आणि विचारायचं तरी कसं? ज्यांच्या डब्यातली चटणी मी रोज खातो, त्यांना सांगायचं, की तुमची नमाज मला परीक्षेला आहे?

तीन फेऱ्या अशाच गेल्या. चौथ्या फेरीला तेच म्हणाले, "काय रे प्रोफेसर, वही हाय, पेन हाय, तोंड खोलीवर विसरलास?"

मी सांगून टाकलं.

"म्हणजे नमाज मी पढायची आणि पास तू व्हायचास."

"तसं नाही, चाचा."

"तसंच हाय. विचार."

मी वेळा विचारल्या, हातपाय धुण्याची रीत विचारली. उत्तरं पुस्तकातल्यासारखीच आली. मी वही मिटली. चटईची घडी घालता घालता ते सहज म्हणाले, "आमच्या गावात मशिदीसमोर दर्या. लहानपणापासून नमाजीला उभं रायलं की समोर दर्याच. हितं मक्का जवळ, पण तिकडं तोंड केलं की दर्या पाठीमागं. पयले सहा महिने वाटायचं, कोणतरी मागं येऊन उभा हाय."

"आणि आता?"

"आता आवाज येतो, बस."

शुक्रवारी बिछान्यावर बसून मी सगळं लिहून काढलं. शेवटी एक वाक्य घातलं : 'अशा रीतीने परदेशात हा भक्त ईश्वरापासून दुरावल्याची वेदना अनुभवतो.' ते वाक्य मी दोनदा वाचलं. आपण खरंच कॉलेजात शिकतोय असं मला त्या वाक्यामुळे वाटलं.

पुढच्या फेरीला गाडीत त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"शेवटचं परत वाच."

वाचलं.

"हे मी कधी बोललो?"

"बोलला नाहीत, पण त्याचा अर्थ तसा होतो ना."

"दर्या मागं गेला म्हणालो. अल्ला मागं गेला म्हणालो?" ते रागावले नव्हते, म्हणून मला जास्त लाजल्यासारखं झालं. "तुला घर आठवतं, आई आठवते. ते माझ्या नमाजीत कशाला घालतोस?"

मी पेन काढलं. मग वाक्य खोडलं. आता उत्तर जेमतेम दीड पान उरलं. त्याला समारोप नव्हता, आणि समारोप हवाच असं नोट्समध्ये ठळक लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं टपाल जाणार होतं. रात्रभरात दुसरा समारोप सुचेल असं मला वाटलं, पण सुचलेलं प्रत्येक वाक्य माझंच होतं, चाचांचं नव्हतं. सकाळी टपालाच्या पेटीपुढे मी पाकीट धरून उभा होतो.

"यल्ला, टाक आता," चाचा गाडीतूनच म्हणाले. मी टाकलं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. आत परीक्षेचं प्रवेशपत्र होतं. स्वाध्यायावर शेरा नव्हता, फक्त एका ओळीपाशी लाल खूण होती. चाचांना वाचता येत नव्हतं. कुठली ओळ, असं त्यांनी विचारलं. मी बोट ठेवून वाचली : आता आवाज येतो, बस.

"म्हणजे आपण पास," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी अल रुवैसला ते चटईवर उभे राहिले, तेव्हा मी रोजच्यासारखा होड्यांकडे तोंड करून बसलो नाही. पाण्याकडे पाठ केली. थोडा वेळ काहीच कळलं नाही. मग मागून आवाज यायला लागला.