‘सर्व समजते’ असे लिहिलेले कार्ड

गोविंदराव मास्तरांना मी प्रथम भेटले ती मॅट्रिकची परीक्षा दिल्यावर. मास्तर तेव्हा शाळेतून निवृत्त झाले होते. माझे आबा मला पोलादपूरहून महाडला त्यांच्या घरी घेऊन गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेलेले नव्हते. ओटीवर टेकताच आबांनी सांगून टाकले, "मास्तर, पोर पुन्याला कालिजात जायचं म्हनते. पयल्या परीक्षेत गचकली तं परत आननार. भाताच्या लावणीला मानसं कमीच हायत."

"आणा की," मास्तर म्हणाले, "पण तोवर महिनाभर माझ्याकडे पाठवा. नाहीतर लावणीला आत्ताच न्या."

त्या उन्हाळ्यात मास्तरांच्या ओटीवर आम्ही सहाजण होतो. मास्तर उभे राहून तासभर इंग्रजीत बोलत, कॉलेजातल्या प्रोफेसरांच्या वेगाने, कोणासाठीही न थांबता. आम्ही टिपणे घ्यायची आणि जे कळले नाही तिथे ओळ मोकळी सोडायची. अंदाजाने भरलेली ओळ मास्तरांना चालत नसे. कॉलेजात गेल्यावर दर शनिवारी त्यांना एक कार्ड टाकायचे, त्यात फक्त न कळलेल्या गोष्टी लिहायच्या. प्रत्येक कार्डाला त्यांचे उत्तर येई.

पुढचे मास्तरांच्या या गौरवग्रंथात लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मास्तरांना विचारले, तेव्हा ते "लिही" एवढेच म्हणाले.

पुण्यात पहिल्या महिन्यातच माझ्या वहीत लिहिलेल्या ओळींपेक्षा मोकळ्या ओळी जास्त झाल्या. शेजारच्या मुली भराभर लिहीत. मास्तरांना खरे कळवले तर ते आबांना सांगतील, या भीतीने मी मोकळ्या ओळी मनाने भरल्या आणि कार्ड टाकले: ‘सर्व समजते. काही अडलेले नाही.’

चौथ्या दिवशी मास्तर मोटारीने घाट चढून वसतिगृहाच्या दारात उभे होते. त्यांना मोटार लागते. चेहरा पांढराफटक पडला होता. बसण्याआधी त्यांनी वही मागितली. एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "हे प्रोफेसर म्हणाले?"

"नाही. मीच लिहिलं."

"मग ते काय म्हणाले?"

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी खिशातून एक जुने, घड्या पडलेले कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. त्यावरही हेच वाक्य होते.

ते धोंडूचे होते. कशेडीच्या बाजूच्या एका वाडीतला हा मुलगा माझ्या दोन वर्षे आधी त्याच ओटीवर शिकून गेला होता. "हे आलं तेव्हा मी पेढे वाटले," मास्तर म्हणाले. धोंडू पहिल्याच परीक्षेत नापास झाला आणि कोणाला न सांगता मुंबईला निघून गेला. घरी आला नाही, पत्र नाही. मास्तर दोनदा मुंबईस जाऊन शोधून आले.

त्यानंतर मास्तर तीन दिवस पुण्यात एका स्नेह्यांकडे राहिले. रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या बाहेरच्या खोलीत बसून माझ्याकडून खोट्या ओळी खोडून घेतल्या. शेवटच्या दिवशी प्रोफेसरांच्या दारापर्यंत मला नेले. "आत तू जा. मी इथे आहे," म्हणाले. न कळलेले विचारायला मी त्या दिवशी शिकले. परीक्षेत पास झाले, तेही काठावर. आबा म्हणाले, "लावणीचं मानूस गेलं म्हनायचं." आणि मला मोटारीपर्यंत पोचवायला स्वतः आले.

आज मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे डोळे अधू झाले आहेत. सुटीत मी महाडला असले की आलेली कार्डे त्यांना वाचून दाखवते. कोणाला तर्कशास्त्र अडलेले असते, कोणाला नुसते जेवण. मास्तर उत्तरे सांगतात, मी लिहिते. सगळी संपली की ते विचारतात, "आणखी काही नाही ना?" ते कोणाच्या कार्डाबद्दल विचारतात, हे आम्हा दोघांना ठाऊक असते. मी "नाही" म्हणते. याबाबतीत त्यांचे समाधान करण्यासाठीसुद्धा मला खोटे सांगता येत नाही.

धोंडू, हा ग्रंथ कोणाच्या हातून तुमच्यापर्यंत पोचला, तर काय अडले तेवढे कळवा. तुमचे कार्ड येईपर्यंत, आणि त्याचे उत्तर सावकाश सांगून झाल्यावरही पुष्कळ वर्षे, मास्तरांना निरोगी आयुष्य लाभो.